भुईभाड्याच्या जमिनीवरचा फ्लॅट आणि संपत आलेली मुदत

"पन्नास वर्षं राहतोय, आता कोण उठवतंय आम्हाला?" रत्नागिरी, चिपळूण, मालवण, अलिबाग, गाव कुठलंही असो, जुन्या सोसायटीच्या वार्षिक सभेत भाडेपट्ट्याचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. बोलणाऱ्याच्या डोक्यात दोन समजुती घट्ट बसलेल्या असतात. पहिली, बारा वर्षं ताबा असला की जागा आपली. दुसरी खास कोकणातली: कसणाऱ्याला जमीन मिळाली, तशी राहणाऱ्यालाही मिळणारच.

दुसरी समजूत का मुरली हे कळण्यासारखं आहे. खोती १९४९च्या कायद्याने गेली. १९४८च्या कुळकायद्याने पुढे १ एप्रिल १९५७ला कुळं मालक मानली गेली. घरोघरी त्याच्या गोष्टी आहेत. पण तो कायदा शेतजमिनीचा. बिनशेती केलेल्या प्लॉटवर, रजिस्टर केलेल्या भाडेपट्ट्याने उभ्या राहिलेल्या इमारतीतला माणूस कूळ ठरत नाही, आजोबांपासून राहत असला तरी. बारा वर्षांचंही तेच. तो नियम मालकाच्या हक्काविरुद्ध ठेवलेल्या ताब्यासाठी आहे. दर वर्षी भुईभाडं भरून, मालकाच्या परवानगीने बसलेला पट्टेदार "मालक कोण, ओळखत नाही" असं म्हणू शकत नाही.

मग नेमकं आपलं काय आहे? इमारत आणि जमीन वेगवेगळी धरा. जमिनीचा मालक एक. त्याने ती ठरावीक वर्षांसाठी पट्ट्याने दिली, बहुतेक वेळा बिल्डरला. बिल्डरने इमारत बांधून फ्लॅट विकले. तुमच्या करारनाम्यात फ्लॅट "विकत" घेतल्याचं लिहिलं असेल, पण बिल्डरकडे जमिनीचा जेवढा हक्क होता त्याहून जास्त तो तुम्हाला देऊच शकत नव्हता. त्याच्याकडे साठ वर्षं होती, तर तुमच्याकडे त्या साठातली उरलेली.

आपली जमीन पट्ट्याची आहे की नाही, हेच पुष्कळांना माहीत नसतं. शहरी हद्दीतली जागा असेल तर मिळकत पत्रिका काढा. तिच्यात "हक्काचा मूळ धारक" अशी एक नोंद असते आणि तिच्याखाली "पट्टेदार" अशी दुसरी. पट्टेदारासमोर बिल्डरचं किंवा सोसायटीचं नाव दिसलं की समजा, जमीन आपली नाही. गावठाणाबाहेर असाल तर सातबाऱ्यावर भूधारणा पद्धती बघा आणि इतर हक्कांचा रकाना शेवटपर्यंत वाचा. मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मूळ पट्ट्याची प्रमाणित प्रत घ्या. सोसायटीच्या कपाटातल्या झेरॉक्सवर विसंबू नका. त्यात नेमकं शेवटचं पान नसतं, आणि मुदतवाढीचं कलम बहुधा शेवटाकडेच असतं.

मुदत संपली की काय होतं ते आधी पाहू, कारण भीती आणि बेफिकिरी दोन्ही तिथूनच येतात. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात सरळ लिहिलं आहे की ठरलेला काळ संपला की पट्टा संपतो. वेगळी नोटीस लागत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मालक कुलूप लावू शकतो असं नाही. त्याला दिवाणी दावा करावा लागतो, आणि तो किती वर्षं चालतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण तोवर तुमच्या हातात काय उरतं? मुदत संपल्यावर मालकाने भाडं स्वीकारलं आणि तुम्ही राहायला त्याची संमती दिसली, तर याच कायद्याच्या कलम ११६प्रमाणे पट्टा चालू धरला जातो, पण राहत्या जागेच्या बाबतीत महिना ते महिना. असा पट्टा पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. साठ वर्षांचा पट्टेदार एका रात्रीत महिन्याचा भाडेकरू होतो. त्या फ्लॅटवर बँक कर्ज देणार नाही आणि गिऱ्हाईकाचा वकील फाइल परत पाठवील.

इमारतीचं काय? कलम १०८मध्ये पट्टेदाराला सोय आहे: करारात वेगळं काही नसेल, तर ताबा असेपर्यंत तो आपण बांधलेलं काढून नेऊ शकतो, जमीन होती तशी करून द्यायची. चिऱ्याचं घर असतं तर दगड, वासे, कौलं उतरवून नेली असती. तीन मजली स्लॅबची इमारत काढून न्यायची म्हणजे डबर न्यायचं. शिवाय कित्येक पट्ट्यांत "मुदतीअखेर इमारतीसह ताबा मालकाकडे" असं वाक्य असतं. ते असेल तर दगडसुद्धा तुमचे नाहीत.

आता मुख्य प्रश्न. मुदतवाढ मागायचा हक्क आहे का?

इंटरनेटवर शोधलं की भराभर उत्तरं मिळतात: नव्वद वर्षं वाढवून मिळतात, भुईभाडं शून्य होतं, ऐंशी वर्षांच्या आत आलात तर खर्च वाढतो. हे सगळं खरं आहे, पण इंग्लंड आणि वेल्समध्ये. तिथे १९९३च्या कायद्याने फ्लॅटधारकाला मालकाच्या इच्छेविरुद्धही मुदतवाढ घेता येते. उरलेल्या वर्षांत आणखी ९० मिळतात आणि भुईभाडं नाममात्र होतं. उरलेली मुदत ८० वर्षांखाली गेली की वाढीमुळे फ्लॅटची जी किंमत चढते तिच्यातला अर्धा वाटाही मालकाला द्यावा लागतो. २०२४च्या नव्या कायद्यात ९९० वर्षांची तरतूद आहे आणि आधी दोन वर्षं मालकी असण्याची अट जानेवारी २०२५मध्ये उठली. लंडनला फ्लॅट घेतलेल्या मुलाला ही माहिती जरूर पाठवा. दापोलीच्या फ्लॅटला ती लागू नाही. आपल्याकडे खाजगी मालकाला मुदतवाढ द्यायला भाग पाडणारा असा सरसकट कायदा नाही. हक्क असेल तर तो पट्ट्याच्या दस्तातल्या कलमातून येतो. म्हणून ते कलम शब्दन् शब्द वाचायचं.

कलमं साधारण तीन जातींची दिसतात. सगळ्यात चांगलं ते, ज्यात पुढची मुदत, भाडं किती किंवा कसं ठरवायचं, आणि मागणी कधी करायची हे तिन्ही लिहिलेलं असतं. दुसरं, "उभय पक्षांना मान्य होतील अशा अटींवर नूतनीकरण करण्यात येईल." वाचायला गोड आणि न्यायालयात टिकवायला फार कठीण, कारण ठरलेलं काहीच नाही, पुढे ठरवू एवढंच ठरलंय. तिसऱ्या जातीत नूतनीकरणाचा उल्लेखच नसतो. तिथे मालक म्हणेल तो भाव.

पहिल्या जातीतही एक खोच आहे. काही दस्तांत पट्टेदाराने कळवलं की जुना पट्टाच पुढे चालू राहतो. काहींत नूतनीकरण म्हणजे नवा पट्टा, आणि त्याचा नवा दस्त रजिस्टर झाल्याशिवाय काही खरं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली उत्तर प्रदेशातल्या एका पट्ट्याच्या खटल्यात हा फरक नीट मांडला आहे. नवा दस्त लागणार असेल आणि सोसायटी नुसतं पत्र पाठवून गप्प बसली, तर मुदत निघून जाते. मागणी दिलेल्या वेळेतच करावी लागते, उदाहरणार्थ "मुदत संपण्यापूर्वी सहा महिने, लेखी". दोन महिने उशीर झाला तर मालक सरळ नाही म्हणू शकतो. मागणी सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत जोडून, पोचपावतीच्या टपालाने, मालकांपैकी प्रत्येकाच्या नावे पाठवा. मालक शेजारच्याच आळीत राहत असले आणि गणपतीला एकमेकांकडे जाणं-येणं असलं तरीही. तोंडी "काय ते बघू, तुम्ही आमचेच" याला पुराव्यात किंमत नाही.

मागणार कोण, इथेच बऱ्याच सोसायट्या अडकतात. पट्टा बिल्डरच्या नावावर असतो. बिल्डर वारला, त्याची फर्म मिटली, आणि पट्ट्याचे हक्क सोसायटीकडे आलेच नाहीत. एकटादुकटा फ्लॅटधारक जाऊन आपल्यापुरती जमिनीची मुदत वाढवून आणू शकत नाही, कारण जमीन फ्लॅटनिहाय वाटलेली नाही. तेव्हा आधी पट्ट्याचं हस्तांतरण सोसायटीच्या नावे करून घ्यायचं. बिल्डर करत नसेल तर १९६३च्या मोफा कायद्याखाली (फ्लॅटविक्रीचा महाराष्ट्राचा कायदा) जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय हक्क सोसायटीच्या नावे करून घेण्याचा अर्ज, नमुना सातमध्ये. पट्ट्याच्या जमिनीत या मार्गाने मालकी मिळत नाही, बिल्डरचा पट्टेदार म्हणून जो हक्क होता तोच मिळतो. पण मालकापुढे उभं राहायला तेवढा पुरतो.

आणि देणार कोण? कोकणातली खरी दमछाक इथे आहे.

समजा पट्टा १९७८ साली एका आजोबांनी करून दिला. आज सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर त्यांच्या चार मुलांची नावं लागली असतील, तर नशीब. पुष्कळदा आजोबांचंच नाव असतं. वारसनोंद व्हायची आहे. चार मुलांपैकी दोघं वारले, त्यांची मुलं डोंबिवली आणि विरारला. एक कुटुंब बडोद्याला. एक नात दुबईत. दोन आत्या लग्न होऊन गुहागर आणि सावंतवाडीला. सगळ्यांचं मिळून सामाईक, आणि सामाईकात एकाने सही केली तर ती त्याच्या हिश्श्यापुरती. "आमचे थोरले काका सगळं बघतात" हे ऐकून त्यांच्या एकट्याच्या सहीवर साठ वर्षांचा दस्त करू नका. काकांकडे बाकीच्यांचं रीतसर कुलमुखत्यारपत्र आहे का, ते बघा. दुबईच्या नातीने ते तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही करून पाठवायचं, आणि ते पत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं.

आत्यांना विसरू नका. एक तर त्या वडिलांच्या वारस आहेतच, आणि ९ सप्टेंबर २००५च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. "त्यांनी हक्क सोडलाय" असं सांगितलं तर रजिस्टर हक्कसोडपत्र मागा. तोंडी सोडलेला हक्क दस्त नोंदवायच्या वेळी बरोबर परत येतो. एखाद्या अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, वारसाच्या नावे स्वतंत्र हिस्सा असेल, तर पालकाला त्याची मिळकत पाच वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्याने द्यायला न्यायालयाची परवानगी लागते.

ही सगळी माणसं एका वेळी गावात सापडतात ती गणपतीत किंवा शिमग्यात. जाणते वकील मसुदा आधी फिरवून घेतात आणि सह्यांचा मुहूर्त तेव्हाचा धरतात. एवढ्या वारसांचं जमवायला दोन-तीन वर्षं सहज जातात. म्हणून मुदत संपायला सहा महिने असताना जागं होणारी सोसायटी तिथेच हरते. दहा-बारा वर्षं हातात असताना सुरुवात केलेली बरी.

आता पैसे. खर्चाचे भाग तीन: मालकाला एकरकमी द्यायचा प्रीमियम, नवं भुईभाडं, आणि सरकारचं मुद्रांक शुल्क. शुल्काचा हिशोब पक्का असतो, म्हणून त्यापासून सुरू करू. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात पट्ट्याची मुदत जितकी लांब तितका बाजारमूल्याचा मोठा भाग शुल्कासाठी धरतात. पाच वर्षांपर्यंत १० टक्के, दहापर्यंत २५, एकोणतीसपर्यंत ५०, आणि त्यावर ९० टक्के. त्या भागावर खरेदीखताच्या दराने शुल्क.

समजा दहा गुंठ्यांचा प्लॉट, म्हणजे सुमारे १,०१० चौरस मीटर. फ्लॅट चोवीस. पट्टा १ जानेवारी १९७८पासून साठ वर्षांचा, म्हणजे ३१ डिसेंबर २०३७ला संपणारा. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी मूल्यदर तक्त्यातला, जमिनीचा दर हिशोबापुरता चौरस मीटरला १०,००० रुपये धरू. जमिनीचं मूल्य झालं १ कोटी १ लाख. नवा पट्टा साठ वर्षांचा केला तर ९० टक्के, म्हणजे ९० लाख ९० हजार विचारात घेतले जातील. खरेदीखताचा दर सहा टक्के धरला तर शुल्क साधारण ५ लाख ४५ हजार, घरटी पावणेतेवीस हजारांच्या आसपास. एकोणतीस वर्षांचाच केला तर ५० टक्के, आणि शुल्क ३ लाख ३ हजार. फरक बघून कुणीतरी सुचवतंच: एकोणतीस करू आणि पुन्हा एकोणतीसचं नूतनीकरण आताच लिहून ठेवू. मुद्रांक कार्यालय दोन्ही मुदती मिळूनच धरतं. शिवाय घरटी दहाएक हजार वाचवायला निम्मी वर्षं सोडायची, हा मला तोट्याचा सौदा वाटतो.

प्रीमियमला मात्र तक्ता नाही. दोन्हीकडचं बळ काय यावर तो ठरतो. मालकाचं बळ हे की त्याच्या सहीशिवाय तुमचे फ्लॅट दर वर्षी स्वस्त होत जाणार. तुमचं बळ हे की दस्तात कलम असेल तर भाव आधीच बांधलेला आहे. आणि नसलं तरी मालकाला आज मिळतात ते वर्षाचे पाच-सहाशे रुपये, चाळीस वारसांत वाटायचे. जमीन रिकामी करून घ्यायला त्याला चोवीस कुटुंबांशी दावा लढावा लागेल. हे त्यालाही कळतं. एखाद्या नोंदणीकृत मूल्यांककाकडून उरलेल्या वर्षांसह आणि वाढीव वर्षांसह असं दोन्ही प्रकारे जमिनीचं मूल्य काढून घेतलंत की बोलणं भावनांवरून आकड्यांवर येतं. भुईभाडं वाढवून द्यायला हरकत नाही, पण "दर दहा वर्षांनी रेडी रेकनरच्या प्रमाणात" अशी वाढ मान्य करण्याआधी पन्नास वर्षांनंतरचा आकडा कागदावर काढून बघा.

किनाऱ्यावर आणखी एक घड्याळ चालू असतं. खाऱ्या हवेने स्लॅबमधल्या सळ्या फुगतात, प्लास्टर सुटतं, आणि साठ वर्षांचा पट्टा संपायच्या आधीच इमारत पाडून बांधायची पाळी येते. पुनर्विकासाला येणारा बिल्डर पहिला प्रश्न विचारतो तो शिल्लक मुदतीचा. बारा वर्षं उरलेल्या जमिनीवर नवी इमारत कोण बांधील? बँकेचंही तसंच, कर्जाची मुदत संपल्यावरही पट्ट्याची काही वर्षं शिल्लक राहिली पाहिजेत. म्हणून मुदतवाढीच्या दस्तातच पुनर्विकासाची, वाढीव बांधकामाची आणि फ्लॅट गहाण ठेवायची परवानगी लिहून घ्या. नाहीतर त्या प्रत्येक कागदासाठी तीच चाळीस माणसं पुन्हा शोधायची. किनाऱ्यालगतच्या प्लॉटवर सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) नियमांत किती बांधता येईल हेही प्रीमियम ठरवण्याआधी बघा. जिथे फारसं वाढवता येत नाही, तिथे मालकाने बाजारपेठेतल्या प्लॉटचा भाव सांगण्यात अर्थ नाही.

मालक खाजगी नसेल तर वाट वेगळी. जमीन देवस्थानची किंवा कुठल्या धर्मादाय न्यासाची असेल, तर विश्वस्त राजी असून भागत नाही. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६प्रमाणे बिनशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. नव्या पट्ट्यालाही ती लागते. मूळ पट्टा देताना ती घेतली होती का, हेही तपासा. उरण-पनवेलकडे सिडकोचे पट्टे साठ वर्षांचे आहेत. सिडको १९७०ची, त्यामुळे सुरुवातीचे पट्टे २०३०च्या दशकात मुदतीला येतात. त्यांच्यासाठी साठाचे नव्याण्णव करून देण्याचं धोरण पुढे आलं आहे. एमआयडीसी ९५ वर्षांनी देते, त्यामुळे लोटे किंवा कुडाळकडच्यांना अजून पुष्कळ अवकाश आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडून पट्ट्याने मिळालेल्या सरकारी जमिनीवर सोसायटी असेल, तर मुदतवाढ मागण्याआधी जमीन रूपांतराचे सध्या लागू असलेले नियम बघा; ते पहिल्यांदा ८ मार्च २०१९ला आले. रेडी रेकनरच्या काही टक्के अधिमूल्य भरून अशी जमीन भोगवटादार वर्ग १, म्हणजे मालकी हक्काची करून घेता येते. टक्केवारी आणि सवलतीची मुदत वेळोवेळी बदलत आली आहे, तेव्हा अर्जाच्या दिवशीचा दर जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या.

राहिलं भुईभाडं. वर्षाला सहाशे रुपये, त्यामुळे कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि मालकाचे वारसही मागायला येत नाहीत. पट्ट्यात "भाडं थकल्यास पट्टा रद्द" असं कलम असेल तर ही थकबाकी पुढच्या बोलण्यात तुमच्याविरुद्ध वापरली जाते. दावा झालाच तर थकबाकी, व्याज आणि खर्च भरून पट्टा वाचवण्याची सवलत मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११४खाली न्यायालय देऊ शकतं, पण ते न्यायालयाच्या मर्जीवर आहे. भाडं घ्यायला मालक सापडत नसतील किंवा घेत नसतील, तर दर वर्षी सगळ्यांच्या नावे मनीऑर्डर करा आणि परत आलेली पावती पट्ट्याच्या फायलीत लावा.